मॉरिसच्या खोपटातला पांढरा पाईप

आज मेबल घरी येणार होती. सात आठवडे आधीच जगात घाई करून आलेली, एक्केचाळीस दिवस नळ्या-तारांच्या जंजाळात मुठी वळून पडलेली मेबल. सकाळच्या फेरीत डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही ठोकली तेव्हा ब्रायनीला कळेना, हसावं की रडावं. तिने दोन्ही एकदमच उरकलं. नवरा गार्थ गाडीसकट बाळापाशी थांबला, आणि घर तयार करायला ब्रायनी पहिल्या बसने पुढे निघाली.

निघताना वॉर्डातल्या सिस्टर अडेझेने तिला दारातच गाठलं होतं. ही सिस्टर बाळांशी लोण्यासारखी आणि आईबापांशी दगडासारखी.

"तीन वाजता मला फोटो पाहिजे. बाळाच्या खोलीतल्या थर्मामीटरचा. अठरा अंश. सतरा चालणार नाही."

"घर तापवायला नवा बॉयलर बसवलाय, सिस्टर. नोव्हेंबरातच."

"मग काळजी कसली? पण खोली गार असेल तर मी पोरीला सोडणार नाही, सांगून ठेवते. आज नाही तर सोमवारी. आणि रात्री तुमच्या खोऱ्यात बर्फ सांगितलंय. रस्ता बंद झाला तर गुरुवारही उजाडेल."

गुरुवार! ब्रायनीला तर एक तासही जास्त नको होता.

हॅगडेलच्या थांब्यावर ती उतरली तेव्हा साडेनऊ झाले होते. जुन्या खाणकामगारांच्या घरांची ओळ, मागे अंगणं, अंगणांमागे अरुंद गल्ली. सगळं साखरेत घोळवल्यासारखं पांढरं. मागचं फाटक ढकलून ती आत शिरली आणि थबकली. अंगणात तिचा सासरा, मॉरिस, हातात वाफाळती किटली घेऊन भिंतीकडे बघत उभा होता. चोरी पकडली गेल्यासारखा त्याचा चेहरा.

"आलीस पोरी? बाळ कसं आहे?"

"बाळ छान आहे. तुम्ही काय करताय?"

"काही नाही गं. किरकोळ."

किरकोळ काय ते ब्रायनीला दिसलं. वरच्या न्हाणीघराच्या भिंतीतून एक पांढरा प्लास्टिकचा पाईप बाहेर यायचा आणि अंगणाच्या भिंतीवरून तिरका उतरत गटारापर्यंत जायचा. बॉयलर चालू असला की त्याच्या धुरातलं पाणी थेंबाथेंबाने या पाईपातून बाहेर पडे. आता तो पाईप कोपऱ्यापाशी उभा चिरला होता, आणि चिरेतून बर्फाची कांडी जिभेसारखी बाहेर लोंबत होती.

"उकळतं पाणी ओतलंत?"

"आत बर्फ धरला होता. बॉयलर सकाळी दोनदा गुळण्या केल्यासारखा बोलला आणि बंद पडला. म्हटलं, वितळवू."

"कोमट पाणी ओतायचं असतं, मॉरिस!"

"पाईपच दळभद्री आहे त्याला मी काय करू? खरा पाईप उकळत्या पाण्याला भितो होय?"

ब्रायनी पायऱ्या दोन दोन चढत वर गेली. न्हाणीघरातल्या कपाटात बॉयलरचा लाल दिवा डोळे मिचकावत होता. शेजारच्या छोट्या खोलीत पाळणा, दुमडलेली पांघरुणं, आणि भिंतीवर थर्मामीटर. नऊ अंश. तिच्या स्वतःच्या तोंडाची वाफ दिसत होती.

तिने लगेच गॅसच्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री कुणाच्या तरी घरी अर्धा जमिनीखाली होता बहुतेक. आवाज विहिरीतून यावा तसा.

"सोमवारच्या आधी जमायचं नाही, ताई. माझ्यापुढे एकोणीस घरं आहेत आणि सगळ्यांचे पाईप गोठलेत."

"माझं बाळ आज दुपारी दवाखान्यातून येणार आहे हो!"

विहिरीतला आवाज जरा जवळ आला. "हे बघा, गॅसच्या अंगाला हात लावायचा नाही. पण सांडपाण्याचा पाईप तुम्ही स्वतः बसवू शकता, त्याला बंदी नाही. चिरलेला टाकून द्या. बॉयलरशेजारी एखादं बेसिन आहे?"

"टबच्या पलीकडे आहे. खाली सांडपाण्याचं जादा तोंड पण आहे, आधी तिथे कपड्यांचं मशीन होतं."

"मग नशीब काढलंत! घरातल्या घरात न्या पाईप. घरात बर्फ धरत नाही. प्लास्टिकचाच घ्या, अंगठ्याएवढा जाड. आणि उतार द्या, मीटरला साडेचार सेंटीमीटर. उतार नसेल तर पाणी आत तुंबतं आणि बॉयलर परत रुसतो. झालं की लाल दिव्याखालचं बटण दाबा."

"तोवर खाली बादली ठेवून चालवला तर?"

"जागा आहे का बादलीला?"

जागा नव्हती. पाईप बॉयलरच्या बुडातून निघून चार बोटांवर भिंतीत घुसत होता. फार तर सूपाची वाटी मावली असती.

"वाट्या बदलत बसू," मागून मॉरिस म्हणाला. "मी बसतो."

"आणि गुरुवारपर्यंत बसणार?" फोन ठेवत ब्रायनी म्हणाली. "नाही. मला पाईप पाहिजे. नवा. आत्ता."

"तेच सांगणार होतो! चल खाली. दाखवतो."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर मॉरिसने आपलं काम मांडून ठेवलं होतं. तांब्याचा पाईप. अंगणाच्या भिंतीच्या मापाचा, कोपरे वळवलेला, सांधे असे डागलेले की सोनाराने मान खाली घालावी. वर पॉलिशसुद्धा मारलं होतं. सदतीस वर्षं गोदीत जहाजांचे पाईप बसवलेला माणूस. हातात कसब अजून तसंच.

"सात वाजता बॉयलर रुसला तेव्हापासून बसलोय. माझ्या नातीच्या घराला प्लास्टिक शोभत नाही. हा बघ, पन्नास वर्षं हलणार नाही."

पाईप सुंदर होता, हीच पंचाईत होती. सासऱ्याला ब्रायनीने आजवर कधी तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती. तो घरात कमी आणि मळ्यात जास्त असायचा. पर्सच्या तळाशी हात घालून तिने एक चपटी डबी काढली. शाळेच्या रसायनशाळेत ती मदतनीस होती, आणि तिच्या पर्समध्ये लिपस्टिक नसली तरी आम्ल ओळखायच्या लिटमसच्या पट्ट्या असायच्याच. अंगणात जाऊन तिने चिरेतून ठिबकणाऱ्या थेंबाखाली निळी पट्टी धरली आणि परत येऊन टेबलावर ठेवली.

पट्टी लाल झाली होती.

"हे पाणी दिसतं, पण पाणी नाही, मॉरिस. व्हिनेगरची धाकटी बहीण आहे. तांबं खाते."

"खाते? अगं, उत्तरेच्या समुद्राने माझं तांबं खाल्लं नाही, आणि तुझा हा भिंतीवरचा डबा खाणार?"

"आज नाही खाणार. दोन हिवाळ्यांनी खाईल. आतून, कुणाला न दिसता." तिला वाटलं इथे थांबावं, पण डोळ्यांपुढे तीन वाजत होते. "आणि तुमचा पाईप बाहेरूनच जाणार ना? आज रात्री उणे आठ आहे. तांबं प्लास्टिकच्या आधी गारठतं. तुम्हाला मी काय सांगायचं ते."

मॉरिसने टोपी काढली. परत घातली. पाईपावरून अंगठा फिरवला, एका सांध्यापाशी थांबवला. ब्रायनीला वाटलं, संपलं, आता हा रागावून जाणार आणि मी एकटी पडणार.

"तांबं आधी गारठतं," तो शेवटी म्हणाला. "पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. माझ्या डोक्यात आज काय गवत भरलं होतं?"

"नात भरली होती."

"हं." तो खुदकन हसला. "बरं. प्लास्टिक तर प्लास्टिक. कुठून आणायचं?"

इथे गाडी अडली. पाईपांचं दुकान खोऱ्याच्या तोंडाशी, आठ मैलांवर, आणि शनिवारी बाराला बंद. बस दीडला. गार्थला सांगावं तर तो बाळाला सोडून निघणार कसा? ब्रायनीने दुकानात फोन लावून पाहिला. त्यांचा माणूसच बर्फात अडकला होता. तिने शेजारच्या थेल्माला विचारलं. थेल्माने सबंध घर पालथं घालून एक हीटर, एक केक आणि बागेची रबरी नळी पाठवली. नळी मधेच वाकून पोटात पाणी धरायची. हीटरने खोलीचा एक कोपरा तापला आणि फ्यूज उडाला.

सव्वादहा.

"अडीच मीटर," ब्रायनी खोलीतून येरझाऱ्या घालत म्हणत होती. "पांढरा, अंगठ्याएवढा जाड, अडीच मीटर आणि तीन कोपरे. अख्ख्या गावात कुणाकडे तरी असेलच ना? मॉरिस? कुणाकडे असेल?"

मॉरिस खिडकीतून गल्लीपलीकडे बघत होता. तिथे गावकऱ्यांचे मळे होते. प्रत्येकाचा एक लांबट पट्टा, एक खोपट, खोपटाला कुलूप. त्याचा चेहरा दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा झाला होता.

"आहे," तो म्हणाला.

"कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"मग इतका वेळ—"

"खोपटात आहे."

मॉरिसच्या खोपटात आजवर कुणी पाऊल टाकलं नव्हतं. बायको होती तोवर ती नाही, गार्थ नाही, देवाच्या दारचा पाद्री नाही. कारण मॉरिस लीक पिकवायचा. लीक म्हणजे कांद्याच्या भावकीतली भाजी, पण इथे ती खायला पिकवतच नाहीत, मिरवायला पिकवतात. सप्टेंबरात क्लबात प्रदर्शन भरतं. माणसाच्या दंडाएवढे पांढरे बुंधे मोजपट्टीने मोजले जातात, आणि ज्याचा बुंधा जाड त्याच्यासमोर वर्षभर सगळे टोपी काढतात. मॉरिसने कप लागोपाठ तीन वर्षं नेला होता. कसा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे तो त्यांना काळी बिअर पाजतो, कुणी म्हणे गाणी म्हणतो. शेजारच्या पट्ट्यातला सिरिल तर तिन्ही वर्षं दुसरा आला होता, आणि त्याने एकदा मॉरिसच्या कचऱ्याची पिशवी उपसून पाहिली होती असं बोललं जायचं.

"पाईप म्हणजेच..." ब्रायनीला उलगडा झाला.

"पाईप म्हणजेच," मॉरिस म्हणाला. "खाली मुळापाशी पाणी जातं त्यातून. दिसत नाही वरून. हंगाम संपला की अंधारात उपटून आत ठेवतो." त्याने सुस्कारा टाकला. "आणि आज शनिवार. सिरिल आत्ता मळ्यातच असणार, कबुतरांना दाणे घालत."

"तो आत गेल्यावर जाऊ?"

"तो जेवणाच्या वेळेलाच आत जातो." मॉरिसने घड्याळाकडे पाहिलं, मग ब्रायनीकडे पाहिलं, आणि कोटाची बटणं लावायला लागला. "चल. मेबलला अठरा अंश पाहिजेत. सिरिलला घाबरून बसायला ती काय माझ्यासारखी म्हातारी आहे?"

घोटाभर बर्फातून दोघं गल्ली ओलांडून गेली. खोपटाचं कुलूप गोठलं होतं. मॉरिसने त्यावर श्वास सोडून सोडून ते उघडलं. आत एका दोरीवर बियांची बोंडं टांगलेली, फळीवर बाटल्या, आणि कोपऱ्यात पोत्याखाली पांढऱ्या पाईपांची मोळी. ब्रायनीला वाटलं मोळीला मिठी मारावी. अंगठ्याएवढे जाड! अगदी तोच! काहींना भोकं पाडलेली होती, पण चार अख्खे होते, एकेक हातभर ते मीटरभर लांब. एका डब्यात कोपरे आणि सांधे, एकात भिंतीत ठोकायच्या पकडी.

"सोल्युशन?" तिने विचारलं. पाईप चिकटवायला सोल्युशन लागतं.

मॉरिसने डबा उघडला. आत दगड झालेला.

"मरू दे," तो म्हणाला, आणि तेवढ्यात बाहेरून खोकण्याचा आवाज आला.

सिरिल कुंपणावर दोन्ही कोपरं टेकवून उभा होता. डोक्यावर कानटोपी, टोपीवर एक कबूतर. नजर ब्रायनीच्या काखेतल्या पाईपांवर खिळलेली.

"मॉरिस," तो हळूच म्हणाला, जणू चर्चमध्ये आहे. "ते पाईप आहेत."

"नाही, मासे आहेत. बाजूला हो."

"खालून पाणी देतोस! तीन वर्षं! आणि मी बिअरवर पेन्शन उडवली!"

"सिरिल," ब्रायनी मध्ये पडली, "तुमच्याकडे पाईप चिकटवायचं सोल्युशन आहे का? बॉयलर बंद पडलाय, बाळ दुपारी यायचंय, तीन वाजता खोली अठरा अंश नसेल तर ते तिला सोडणार नाहीत." एका दमात बोलून गेली ती.

सिरिलने टोपीवरचं कबूतर उतरवलं. "मेबल? आज येतेय?"

"येईल, पाईप बसला तर."

"सोल्युशन आहे. नवा डबा आहे. फोडलाही नाही." तो दोन पावलं गेला आणि वळला. माणूस चांगला होता, पण तीन वर्षं दुसरा आलेला माणूस होता. "किती खोल पुरतोस?"

"सिरिल, लाज वाटते का?"

"किती खोल?"

"एक फूट."

"खोटं."

मॉरिसने आभाळाकडे पाहिलं. ब्रायनीने मॉरिसकडे पाहिलं; नुसतंच पाहिलं.

"दोन फूट," मॉरिस म्हणाला. "आणि टोकाला खडी. आता आण तो डबा, नाहीतर तुझ्या कबुतरांचा रस्सा करीन."

पावणेअकराला टबच्या बाजूचं झाकण निघालं. टबच्या मागे भिंतीला लागून पाईप न्यायचा होता, बॉयलरपासून बेसिनपर्यंत, आणि त्या फटीत मॉरिसचं पोट मावेना. त्याने दोनदा श्वास सोडून पाहिला. तिसऱ्यांदा तो अडकला आणि ब्रायनीने त्याला पायांना धरून ओढलं.

"मी जाते."

"बाळंतीण आहेस तू!"

"सहा आठवडे झाले. सरका."

ती पाठीवर झोपून आत सरकली. कोळ्यांची जाळी, एक गंजलेलं वस्तऱ्याचं पातं, कुण्या जमान्यातला निळा मणी. कपाळावर टॉर्च बांधलेला. बाहेरून मॉरिस माप सांगे, पाईप करवतीने कापे, कडा कानशीने घासे आणि आत सरकवी. त्याला आता तांब्याची आठवणही नव्हती. गोदीतला फोरमन जागा झाला होता.

"उतार दे पोरी, उतार! हातभर लांबीला एक बोट!"

"देतेय!"

"पकड घट्ट?"

"घट्ट!"

"डोळ्यांनी बघू नकोस, डोळे खोटं बोलतात. लेव्हल लाव!"

लेव्हलची पट्टी लावली आणि तिच्या नळीतला बुडबुडा सरळ मधोमध येऊन बसला, म्हणजे उतारच नव्हता. दुसरी पकड एक बोट खाली गेली होती. पाईपाला मधेच पोट आलं होतं आणि पुढचा भाग सपाट झाला होता. पाणी तिथेच बसलं असतं, आणि बॉयलर आज पेटून उद्या पहाटे रुसला असता, मेबल घरात असताना.

"मॉरिस, चुकलं. पकड काढावी लागेल."

"किती चुकलं?"

"बोटभर."

साडेअकरा वाजून गेले होते. बोटभराने काय होतंय, असं तो म्हणाला असता तर तिने कदाचित ऐकलंही असतं, इतके हात भरून आले होते.

"काढ," मॉरिस म्हणाला. "पाण्याला बोट कळतं."

तिने पकड काढली, नवं भोक पाडलं. चुन्याची धूळ डोळ्यांत, केसांत, दातांत. पुन्हा लेव्हल. बुडबुडा अंग चोरून बॉयलरच्या बाजूला सरकला, म्हणजे उतार बेसिनकडे. पुन्हा पुढच्या मीटरला. पुन्हा सरकला! तिला एकदम हसू फुटलं, टबखाली, एकटीलाच, आणि ते थांबेना.

"काय झालं? काय लागलं?"

"काही नाही! बरोबर आलंय! सगळं बरोबर आलंय, मॉरिस!"

बेसिनखालच्या तोंडात शेवटचा तुकडा बसला. बॉयलरच्या बुडाशी खोचायचा नवा सांधाही चिकटला, तोंड अजून मोकळं ठेवून. भिंतीतलं जुनं भोक मॉरिसने गार्थचे दोन लोकरी मोजे कोंबून बुजवलं आणि वर बोर्ड ठोकला. सोल्युशन वाळायला सिरिलच्या डब्यावर लिहिलं होतं तेवढा वेळ दोघं टबाच्या काठावर घड्याळ बघत बसून राहिली आणि थेल्माचा केक नुसताच हाताने तोडून खाल्ला.

"आता परीक्षा," मॉरिस म्हणाला. "साधं पाणी नको. दिसलं पाहिजे."

बीटच्या लोणच्याची बरणी सापडली. जांभळं-लाल पाणी एका भांड्यात ओतून ब्रायनी वरच्या तोंडाशी उभी राहिली. मॉरिस खाली अंगणात गटाराची जाळी उचलून ओणवा झाला.

"ओत!" तो खालून ओरडला.

तिने ओतलं. पाईपात खळखळ झाली, टबामागून धावत गेली, बेसिनखाली गुळगुळली. मग काही नाही. एक, दोन, तीन... ब्रायनीने खिडकी उघडली.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"थांब... थांब गं... आलं! आलं! लाल आलं!" मॉरिस बर्फात उड्या मारत होता, सत्तरीचा माणूस, टोपी उडालेली. "थेंब न थेंब आला!"

गल्लीच्या भिंतीवरून सिरिलचं डोकं वर आलं. त्याने पांढऱ्या बर्फावरचे लाल शिंतोडे पाहिले. "मॉरिस! कुणाला मारलंस?"

"तुझ्या नशिबाला! जा, फावडं आण, गल्ली साफ करायचीय!"

ब्रायनीने पाईपाचं वरचं तोंड बॉयलरला खोचलं आणि लाल दिव्याखालचं बटण दाबलं. टिक. टिक. टिक. तिने डोळे मिटले. मग आत कुठेतरी फुस्स झालं आणि निळी ज्योत उभी राहिली. पंखा गरगरला, पाण्याच्या नळ्या करकरल्या, आणि लाल दिवा गेला, हिरवा आला. दोन मिनिटांनी कपाटापाशी कान लावला तर नव्या पाईपातून थेंब जाताना ऐकू येत होता. टप. टप. टप. वॉर्डातल्या सगळ्या यंत्रांचे आवाज तिला तोंडपाठ होते. त्यांतला एकही असा गोड नव्हता.

मॉरिसने खालच्या सगळ्या खोल्यांतल्या गरम पाण्याच्या रेडिएटरांच्या तोट्या आवळल्या, म्हणजे सगळी ऊब वर जावी. एकला अकरा अंश. दीडला तेरा. दोनला साडेचौदा. मध्ये काटा हलतच नाही असं वाटून ब्रायनीने दाराखालच्या फटीला टॉवेल लावला, खिडकीला रजई टांगली, थर्मामीटरवर टिचकी मारली. अडीचला सोळा.

तीन वाजता फोन आला.

"फोटो नाही आला," सिस्टर अडेझे म्हणाली.

ब्रायनीने थर्मामीटरकडे पाहिलं. काटा सतरा आणि अठराच्या मध्ये होता. थर्मामीटर छातीशी धरून फोटो काढला असता तर अठराच काय, पंचवीस आला असता.

"साडेसतरा आहे," ती म्हणाली. "अठरा नाही. पाईप फुटला होता, सिस्टर, आम्ही नवा बसवला, मी टबखाली गेले होते, एकच्या आधी पेटला आणि तेव्हापासून दर अर्ध्या तासाला दीड अंश वाढतोय, मी लिहून ठेवलंय, पण आत्ता या घडीला साडेसतरा आहे."

पलीकडे कुणाचं तरी बाळ ठसकलं.

"टबखाली?" सिस्टरने विचारलं. "तू?"

"हो."

"दहा मिनिटांनी फोटो पाठव. खोटा पाठवला असतास तर मी ओळखला असता, लोक थर्मामीटर काखेत धरतात. तोवर मी हिला कपडे घालायला घेते. ही पाय ताठ करते, दहा मिनिटं कपड्यांतच जातात."

फोन कानाला लावून ब्रायनी जिन्याच्या टोकाशी गेली आणि खाली ओरडली, "मॉरिस! ती येतेय!"

खालून फावडं पडल्याचा आवाज आला.

पावणेपाचला गार्थची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. दिवे लावून, चालत्या माणसाच्या वेगाने. गाडीच्या पुढे दोन म्हातारे बर्फ उडवत रस्ता करत चालले होते आणि भांडत होते. खडी कसली, नदीची की खाणीची, एवढा एक शब्द ब्रायनीला दारातून ऐकू आला. ती घरातल्या सपाता घालूनच बाहेर धावली होती. गार्थने मागचं दार उघडलं. टोपी, मोजे, दोन दुलया, आणि त्या सगळ्यात एक लाल नाक.

"आत, आत, आत!" ब्रायनी म्हणाली आणि टोपलीसकट तिला उंबऱ्यातून आत घेऊन आली.

मेबलने स्वयंपाकघरातल्या दिव्याकडे पाहिलं. शिंकली. पुन्हा पाहिलं. गार्थने मागचं दार लावून घेतलं. बॉयलर वर गुणगुणत होता.

"तुमच्याकडे देऊ?" ब्रायनीने मॉरिसला विचारलं. दवाखान्यात त्याने तिला काचेतून पाहिलं होतं, हातात कधीच घेतलं नव्हतं.

"थांब," तो म्हणाला. "हात गार आहेत."

आता खालच्या तोट्याही उघडल्या होत्या. त्याने कोट काढला, बाह्या वर केल्या आणि रेडिएटरवर दोन्ही तळवे टेकवले. मग पालथे. मग पुन्हा तळवे, बोटांच्या बेचक्यांपर्यंत, सदतीस वर्षं तांबं वळवलेल्या राठ बोटांच्या टोकांपर्यंत. खिडकीबाहेर सिरिल काचेला नाक लावून उभा होता. कुणी घाई केली नाही. मॉरिसने हात गालाला लावून पाहिले, अजून पुरेसे वाटले नाहीत, परत टेकवले.

"हं," शेवटी तो वळून म्हणाला, आणि दोन्ही हात पुढे केले. "आता दे."